कम्प्युटरची इमेज, पुढून आणि मागून

आमच्या घरी फ्रिजच्या दारावर यादी असते. डावीकडे काम, मधे ते कोणी करायचं त्याचं अक्षर आणि उजवीकडे टिक. 'आ' म्हणजे आई, म्हणजे माझ्या सासूबाई. 'न' म्हणजे नवरा. 'मी' म्हणजे मी. यादीच्या माथ्यावर लाल पेनानं एक नियम लिहिलेला आहे: टिक म्हणजे काम झालं, आणि झालेल्या कामाबद्दल पुन्हा विचारायचं नाही.

हा नियम माझा नाही, नवऱ्याचा आहे. गॅसचा नंबर लावला का, असं मी त्याला एका दिवसात चार वेळा विचारलं होतं. पाचव्यांदा विचारायला गेले तेव्हा त्यानं उत्तर न देता लाल पेन शोधून आणलं. मला नियम पटला. याद्या विश्वासावर चालतात. तो विश्वास मला किती महागात पडला असता, ते सांगायला बसले आहे.

मार्चचा शेवट होता. कूलर अजून माळ्यावर होता, म्हणून तरी आम्हाला तो आवाज ऐकू आला. एकदा कूलर सुरू झाला की प्रताप नगरातल्या आमच्या घरात जून संपेपर्यंत कोणी कोणाचं ऐकत नाही. दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "तो कम्प्युटर सुपारी फोडून राहिला वं."

मी जाऊन कान लावला. खरंच, टक्, मग थोडं थांबून टक् टक्.

हा कम्प्युटर समोरच्या खोलीत खिडकीशी असतो आणि तेरा वर्षांचा आहे. नवरा त्यावर पत्ते खेळतो, मी विजेचं बिल भरते, पण खरी मालकी सासूबाईंची. त्यांचं माहेर खाप्याचं. वडील हातमागावर बसायचे आणि करवती किनारीची लुगडी विणायचे. करवतीचे दात असतात तशा दातांची ती किनार. बालवाडीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी लहानपणी पाहिलेल्या किनारी आठवून आठवून कम्प्युटरवर काढायला घेतल्या. चित्र काढायच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये बारीक चौकोन असतात, त्यात एकेक करून रंग भरायचा. त्या चौकोनाला त्या घर म्हणतात. संध्याकाळी चष्मा काढता काढता सांगतात, "आज साठ घरं भरली." एक घर म्हणजे एक धागा, त्यामुळे एकही घर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. अशा दोनशेच्या वर किनारी त्या कम्प्युटरमध्ये होत्या.

त्यांचे धाकटे भाऊ अजून खाप्यात आहेत. घरी एक माग शिल्लक आहे. पुढे बसणारं कोणी नाही, म्हणून यंदाच्या उन्हाळ्यानंतर तो माग काढून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. होळीला आले तेव्हा बहिणीला म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत नमुने घेऊन ये. तुझ्या आवडीचं एक लुगडं विणतो, मंग माग मोडतो." तेव्हापासून सासूबाई रोज दोन तास जास्त बसत होत्या. एवढं सगळं त्या सुपारीच्या आवाजावर अवलंबून होतं.

सक्करदऱ्याचा मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला, डॉक्टरसारखा कान लावला आणि डॉक्टरसारखाच चेहरा केला.

"ताई, डिस्क जाऊन राहिली. उद्या बी जाईल, सहा महिन्यांनी बी जाईल."

"मग फाइल्स कॉपी करून घेते."

"फाइल्स घ्याल, पण उघडाल कशात? हा प्रोग्राम आता कुठंच भेटत नाही. सीडी आहे का तुमच्याजवळ?"

सीडी होती. ती कुठे आहे हेही आम्हाला पक्कं माहीत होतं. मागच्या अंगणातल्या पेरूवर, दोऱ्याला बांधलेली, पोपट हाकलायला. सात पावसाळे खाऊन ती दोन्ही बाजूंनी चाळणी झाली होती आणि पोपट तिच्याकडे बघून पेरू खायचे.

"मग पूर्ण डिस्कची इमेज काढा," तो म्हणाला. "प्रोग्रामसकट, सेटिंगसकट, जशीच्या तशी. नव्या डिस्कवर ती चढवू. कम्प्युटरले समजणार बी नाही का आपली डिस्क बदलली म्हणून."

"तुम्हीच काढून द्या ना."

"लग्नाचे व्हिडिओ चालू आहेत ताई. पुढच्या शनिवारी येतो, नवी डिस्क लावून देतो, जुनी घेऊन जातो. इमेजची सॉफ्टवेअर नेटवर ढीगभर आहेत, तुम्ही हुशार आहात, पाहून घ्या."

हुशार आहात म्हटलं की मी कोणतंही काम घेते. ही गोष्ट त्याला कशी कळली कोण जाणे.

त्याच संध्याकाळी फ्रिजवर चार कामं चढली. एक, इमेज काढायचं सॉफ्टवेअर निवडणे: मी. दोन, बाहेरची डिस्क विकत आणणे: न. तीन, कम्प्युटरची इमेज काढणे: न, कारण गुरुवारी त्याला सुट्टी होती आणि मला नव्हती. चार, जुनी डिस्क पुसून मेकॅनिकला देणे: मी. आमचे बँकेचे कागद त्या डिस्कवर होते, ते तसेच सक्करदऱ्याला पाठवायचे नव्हते.

सॉफ्टवेअर निवडायला मी तक्ता केला. तीन शेवटच्या फेरीत आली.

पहिलं फुकट होतं आणि अतिशय गोड बोलायचं. प्रत्येक पायरीवर 'छान, तुमची निवड उत्तम आहे' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचं. चौकशीअंती कळलं की इमेज काढणं फुकट आहे, ती परत उघडायची असेल तर विकत घ्या. म्हणजे लॉकर फुकट, किल्ली भाड्यानं. फुली.

दुसरं घरंदाज होतं. पंधरा दिवस वापरून बघा, मग ठरवा. स्वच्छ निळा पडदा, किती काम झालं ते दाखवणारी गोल रेषा, काम संपलं की पडताळणी, शिवाय अहवाल. अहवाल म्हटलं की माझं मन भरून येतं.

तिसरंही फुकट होतं, पण त्याला रूप म्हणून नव्हतंच. कम्प्युटर पेन ड्राइव्हवरून चालू करायचा, मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि सरकारी खिडकीवरच्या माणसासारखे तुटक प्रश्न. कुठून? कुठे? नक्की? उत्तर उलटं दिलं तर भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क ओतून मोकळं व्हायचं. माझ्या तक्त्यात 'दिसणं' असा दहा गुणांचा रकाना होता. त्यात मी त्याला एक दिला, तोही अक्षरं सरळ होती म्हणून.

नवरा तक्त्यासमोर उभा राहिला. "हे सगळं कशाला? कॉपी-पेस्ट करायचं, विषय संपला."

"अहो, मेकॅनिक काय सांगून गेला?"

"मी तेव्हा दूध आणायला गेलो होतो."

सासूबाईंनी मात्र चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "हे काय वं, पोरगी पाहाले आलेल्याईचा कागद आहे काय? रंग, रूप, बोलणं."

"आई, तुमच्या किनारींसाठीच चाललंय."

"मंग एक सांग. धागा तुटला त यातला कोणता गाठ मारून पुढं जाते?"

"म्हणजे?"

"मागावर धागा तुटतेच. त्याच्यासाठी माग थांबवून बसलं त लुगडं कधी होईन? गाठ मारायची न् पुढं जायचं. यातलं कोणतं तसं करते?"

मी तक्ता पाहिला. "तसा रकाना नाही," म्हणाले.

"मंग कायचा तक्ता," म्हणून त्या पोळ्या करायला गेल्या. मला वाटलं, बाईंना डिस्कमधलं काय कळतंय. निळ्या घरंदाजाला त्र्याऐंशी गुण पडले, तिसऱ्याला एकेचाळीस. मी पहिल्या कामापुढे टिक केली. तिसऱ्याचा पेन ड्राइव्हही तयार करून ठेवला, कारण मी पर्याय ठेवते. पण त्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी लावली आणि खणात सगळ्यात मागे टाकला.

बुधवारी नवऱ्यानं बाहेरची डिस्क आणली आणि दुसऱ्या कामापुढे टिक केली. गुरुवारी मी ऑफिसातून आले तर तिसऱ्या कामापुढेही टिक. मी खूश झाले. ती टिक जरा वळणदार होती, शेवटी शेपटीला गोल फिरवलेली. नवऱ्याची टिक म्हणजे डास मारल्यासारखी असते. हे माझ्या लक्षात आलं होतं, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते. पण नियम म्हणजे नियम. विचारलं नाही.

शनिवारी मेकॅनिक नवी डिस्क घेऊन आला. म्हणाला, "आधी जुनी पुसून देऊ, मग लावतो." त्यानं आपला पेन ड्राइव्ह लावला, खटाखट काहीतरी दाबलं आणि पडद्यावर प्रश्न आला: या डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जाऊ?

"दाबू ना ताई? इमेज काढली ना?"

"काढली," मी म्हणाले. "टिक आहे."

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे टेबलावर ठेवत म्हणाल्या, "काढली म्हणजे? लय छान आली. तुमाले दाखवतो, थांबा."

पदराला हात पुसून त्यांनी मोबाइल उघडला आणि मेकॅनिकच्या नाकासमोर धरला.

फोटो होता. कम्प्युटरचा. आधी पुढून. धूळ पुसलेली, पडद्यावर क्रोशाचा रुमाल, शेजारी फुलदाणी. मग बोट सरकवून दुसरा, मागून.

"मागच्या वायरी बी आल्या, पाहा."

मेकॅनिकचं बोट कीबोर्डवर होतं. त्यानं ते गरम तव्यावरून उचलावं तसं उचललं.

खोलीत फक्त सुपारी फुटत होती.

"आई," मी म्हणाले, "तिसऱ्या कामापुढे टिक तुम्ही केली?"

"हाव. गुरुवारी हा दिवसभर पत्ते खेळून राहिला होता. म्हटलं, एक इमेज काढाले काय लागते? माझ्या मोबाइलमदे 'इमेज' लिहून येते, तिथंच सगळे फोटो असतात. काढली न् टिक केली. काहून, वाकडी आली काय?"

मी नवऱ्याकडे वळले. तो सोफ्यावर पेपर वाचत होता, पण पेपरची घडी गेली दोन मिनिटं हलली नव्हती.

"अहो, तुम्ही बघितलं नाही का?"

"बघितलं ना. टिक होती. मला वाटलं, तूच केलंस. तुझं तसंच असतं, दुसऱ्याला काम द्यायचं आणि धीर न धरवून स्वतः करून टाकायचं."

"मग मला विचारायचं."

त्यानं पेपर खाली केला. अठरा वर्षांच्या संसारात त्याला इतका समाधानी मी क्वचित पाहिला आहे. "झालेल्या कामाबद्दल," तो म्हणाला, "पुन्हा विचारायचं नाही."

मेकॅनिकनं चहा घेतला. "मावशी, फोटो भारी आहे पण," म्हणाला. "वायरी लावाले मले कामी येईन."

मग सासूबाईंना सगळं समजावलं. ती टिक खरी धरून आत्ता बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. "सगळ्या?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मोबाइल पदरात गुंडाळून ठेवला, जणू त्याचीच चूक होती.

सकाळचे दहा वाजले होते. मी कंबर कसली. घरंदाज निळं सॉफ्टवेअर सुरू केलं. गोल रेषा पुढे सरकू लागली, दहा टक्के, वीस टक्के. एकतीसला थांबली. कम्प्युटरनं तीन सुपाऱ्या फोडल्या आणि पडद्यावर सभ्य भाषेत आलं की डिस्कवरचा एक भाग वाचता येत नाही, काम थांबवत आहोत, क्षमस्व. पुन्हा केलं. पुन्हा एकतीस, पुन्हा क्षमस्व. तिसऱ्या वेळी त्यानं अहवालही दिला. अहवालात लिहिलं होतं: क्षमस्व.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"धागा तुटला म्हणतंय. आणि बसून राहिलंय."

"मंग गाठ मारणारा लाव ना."

मी खण उघडला आणि 'राखीव' चिठ्ठीचा पेन ड्राइव्ह काढला. चिठ्ठी काढून खिशात घातली, कोणाला दिसायला नको म्हणून. मेकॅनिकनं नवी डिस्क शेजारी जोडली. काळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली. त्याच्या बारीक अक्षरांच्या ढिगाऱ्यात ती ओळ सापडली: वाचता न आलेली जागा सोडून पुढे जायचं का? मी हो म्हटलं. मग पहिला तुटक प्रश्न. कुठून?

दोन्ही डिस्कची नावं सारखीच वाटणारी होती, फक्त आकारात फरक. इथे उलटं झालं तर रिकाम्याची इमेज भरलेल्यावर.

सासूबाई मागून वाकून पाहत होत्या. "जुनी लहान न् नवी मोठी, असंच ना?"

"हो."

"मंग ध्यानात ठेव. लहान थे सासू, मोठी थे सून. सासूकडून सुनेकडं जाते."

त्या माझ्या खांद्याला लागतात, म्हणून हिशेब चोख होता. "आणि उलटं झालं तर?"

"उलटं आतापर्यंत कधी झालं काय?"

मेकॅनिकला चहाचा ठसका लागला. मी सासू निवडली, मग सून निवडली, आणि 'नक्की?' ला सगळ्यांच्या साक्षीनं हो म्हटलं.

ते चालत राहिलं. एकतीसला आलं, चार सुपाऱ्या फुटल्या, पडद्यावर एक ओळ उमटली की इथलं वाचता आलं नाही, पुढे जातो. आणि खरोखर पुढे गेलं. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं नाही. मेकॅनिकनं डिस्क गरम होऊ नये म्हणून टेबल फॅन त्या डब्यावर रोखायला सांगितला, त्यामुळे दुपारभर कम्प्युटर गार आणि आम्ही घामाघूम. तो मधेच एका लग्नाचा व्हिडिओ देऊन परत आला. पाचला थोडं कमी असताना शेवटची ओळ आली: काम झालं, अकरा ठिकाणी वाचता आलं नाही. कोणती अकरा, ते सांगायची त्याला गरज वाटली नव्हती.

मेकॅनिकनं जुनी डिस्क काढली, नवी बसवली, मावशींचा मागून काढलेला फोटो बघून वायरी लावल्या. कम्प्युटर सुरू झाला, सुपारीशिवाय. प्रोग्राम उघडला. किनारींची नावं ओळीनं आली. जुनी डिस्क मी त्याला दिली नाही. तिसऱ्या कामापुढची ती टिक खरी धरायच्या आधी एकेक किनार डोळ्यांनी बघायची होती.

रविवारी मी आणि सासूबाई शेजारी शेजारी बसलो. मी यादी केली, किनार उघडायची, त्यांनी बघायची, त्यांनी हूं म्हटलं की मी टिक करायची. शंभर झाल्या. दीडशे झाल्या. सगळ्या शाबूत. मग एक करवती किनार उघडली. लाल जमीन, पांढरे दात, एकसारखे, एकामागून एक, आणि मधेच एक दात नाही. बोळक्यासारखी मोकळी जागा.

अकरातलं एक.

"आई," मी म्हणाले, "ही गेली. माझ्यामुळे गेली. गुरुवारीच इमेज निघाली असती तर कदाचित वाचली असती. मी ती टिक पाहिली होती, तुमची आहे हे कळायला हवं होतं."

त्या पडद्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

"मी एकेक घर मोजून तो दात भरून देते. शेजारच्या दातासारखाच तर आहे."

"तुले जमणार नाही."

"मग काय करू, सांगा."

त्यांनी बराच विचार केला. "थे फ्रिजवर माझ्यापुढं सकाळचं फिरणं लिहिलं ना, थे काढ."

"काढते."

"न् तो तक्ता काढ. येणारे-जाणारे वाचतात."

"काढते."

"न् खाप्याले तूच घेऊन चाल. तो गाडी लय हळू चालवते."

"चालेल, आई. पण या किनारीचं काय?"

"तिले काय झालं?" त्या म्हणाल्या. "थे तशीच आहे. माझ्या बापानं एकडाव धागे मोजताना चुकवला होता थो दात. व्यापाऱ्याले दिसला नाही, लुगडं इकलं गेलं. मंग जल्मभर घरात कोणी काही चुकलं का आमी म्हणायचो, बाबाचा दात पडला. म्हणून मी थे चूक बी घेतली. त्याचीच ना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी ज्या तोंडावर काही नव्हतं, ते आता पदराआड हलत होतं. दुसऱ्या खोलीतून नवराही हसत असल्याचं ऐकू आलं. लहानपणापासून त्यालाही तो दात माहीत होता.

बाकीच्या सगळ्या निघाल्या. त्या अकरा जागांवर काय होतं ते दोन दिवसांनी कळलं. नवऱ्याचे पत्ते उघडेनात. मी त्याला म्हणाले, गाठ मारायची आणि पुढे जायचं. फिरणं मी दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. त्यापुढे रोज वळणदार टिक असते, आणि मी नियमाप्रमाणे विचारत नाही. मात्र त्यांच्या चपलांना माती लागली आहे का, ते बघते.

अक्षय तृतीयेच्या आधी आम्ही खाप्याला गेलो. नवऱ्याच्या मामांनी आम्ही छापून नेलेले कागद मागाच्या कडेला मांडले आणि एकेक करत बोट फिरवू लागले. त्या किनारीशी येऊन बोट थांबलं.

"बाबाचा दात," ते म्हणाले आणि कागद उचलून उजेडात धरला. मग बहिणीला विचारलं, "हेच विणू? दात भरू का तसाच ठेवू?"

"भरू नको गा," सासूबाई म्हणाल्या. "इमेज आहे थे. जशीच्या तशी पाह्यजे."